एकट्याचा फोटो

सुखदेवभाऊ लग्नाची व्हिडिओ टेप हातात घेण्याआधी ती कशातून आली आहे ते बघायचे. प्लॅस्टिकच्या पिशवीतून आली असेल तर, "बसा बाप्पा, च्या घेता?" नव्या कोऱ्या दुपट्ट्यात गुंडाळून आली असेल तर चहाचं नाव नाही. दोन्ही हातांनी ती घ्यायचे आणि आणणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता विचारायचे, "तेरवी कोण्या दिवशी हाये?"

पहिल्यांदा हे माझ्या कानावर पडलं तेव्हा मला त्यांचा रागच आला. समोरच्या तरुण बाईनं ‘यातला एक फोटो काढून पाहिजे’ एवढंच म्हटलं होतं. म्हटलं, काय हा माणूस, जिभेला काही हाड? पण ती बाई "सोमवारी" म्हणाली आणि पदर तोंडात धरून मटकन खाली बसली. दुखवट्याला पाहुण्यांनी आणलेल्या दुपट्ट्यात लोक टेप बांधून आणतात, हे तेव्हा कळलं; मग दुपट्टा दिसला की मीही टाइप करणं थांबवायला लागले.

महागावकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या गावात, स्टँडासमोर, माझं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. टाइपरायटरचे दिवस संपत आले म्हणून मी हौसेनं एक कॉम्प्युटर घेतला, आणि तो शिकायला कोणी येईना. शेजारच्या गाळ्यात सुखदेवभाऊंचं शूटिंगचं दुकान होतं. त्यांचंही तेच झालं होतं. पंचक्रोशीतली दहा-बारा वर्षांची लग्नं त्यांनी व्हिडिओ टेपवर उतरवली होती, पण आता यवतमाळहून तळहाताएवढा कॅमेरा घेऊन पोरं यायची आणि भाऊंना कोणी बोलवत नव्हतं. एक दिवस ते माझ्या दारात उभे राहिले. कॉम्प्युटरकडे संशयानं बघत म्हणाले, "ताई, हिच्यात टेप भरता येते म्हणतात अन् मंग सीडी निंगते. खरं हाये काय? मशीन तुमची, टेपा माह्या." अशी आमची भागीदारी सुरू झाली.

माणूस उंच, पण पोक आलेला. इतकी वर्षं जड कॅमेरा वाहून उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली गेला होता. बघताना डावा डोळा आपोआप मिटायचा, त्यामुळे नवख्या बायकांचा उगाच गैरसमज व्हायचा. राहायला विहारामागच्या गल्लीत, बायको गेलेली, मुलगी नागपूरला दिलेली. टेप उघडून तिच्यावरची पांढरी बुरशी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसताना ते तिच्याशी बोलायचे. बाकी बोलणं मोजकं. बौद्धांच्या लग्नातली पांढरी साडी उन्हात कशी उजेडात विरघळून जाते आणि कुणब्यांच्या लग्नातला नवरदेवाचा काका हटकून कंगवा फिरवत कॅमेऱ्यासमोर कसा येतो, एवढ्या दोन विषयांवर मात्र ते तासभर बोलू शकायचे.

कामाचा त्यांचा एक नियम होता. टेप सुरू केली की उठायचं नाही. मी म्हणायचे, भाऊ, तार जोडली आहे, कॉम्प्युटर आपोआप भरून घेतो, तुम्ही जेवून या. ते जागचे हलत नसत. तीन तासांची टेप असली की तीन तास बसायचे, आणि भारनियमनात मध्येच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. "टेप आपल्या चालीनं चालते, ताई. तिच्या पुढं पळून काय भेटते?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. मी भराभर टाइप करणारी बाई, मला त्याचा वैताग यायचा.

शूटिंगमध्येही त्यांची एक खोड होती. लग्न लागलं, वरातीचं झालं, की ते पंगतीकडे वळायचे आणि जेवायला बसलेल्या एकेका माणसावर कॅमेरा दोन आकडे मोजेपर्यंत धरायचे. मोजणं तोंडातल्या तोंडात चालायचं, पण टेपेवर ते स्पष्ट ऐकू येतं. "एक... दोन..." पुढचा माणूस. "एक... दोन..." त्या काळी याच्यावरून त्यांची भांडणं झाली होती. आमच्या व्याह्यांना सोडून कोण्या सालदाराच्या तोंडावर टेप वाया घालवता, म्हणून लोक बोलले होते. भाऊ म्हणायचे, "तोही जेवला नं लग्नात? मंग त्यालेही दोन आकडे."

आता पुढचं सांगते. कापसाची ती वाईट वर्षं होती. पेपर उघडला की आत कुठंतरी एक चौकट असायची, आणि चौकटीत ओळखीच्या गावाचं नाव. तेरवीला भिंतीवर हार घालायला फोटो लागतो. आणि घरोघरी कळायला लागलं होतं की गेलेल्या माणसाचा फोटोच नाही. रेशनकार्डावरचा अंगठ्याएवढा, तोही शाई उडालेला. मग कोणीतरी सांगायचं की स्टँडावरच्या सुखदेवकडे जा, लग्नाच्या टेपेतून काढून देतो. ज्यांच्या घरी टेपच नव्हती त्यांनाही ते परत पाठवत नसत. आपल्याजवळच्या जुन्या टेपांच्या कपाटासमोर उभं राहून आठवायचे. "तुमचा माणूस पाटलाच्या पोरीच्या लग्नात होता. दुसऱ्या पंगतीत. वांग्याची भाजी वाढून राह्यला होता." टेप लावायची, आणि वांग्याची बादली घेतलेला माणूस खरंच यायचा, कॅमेऱ्याकडे बघून हसायचा. "एक... दोन..." समोरची बाई पडद्याला हात लावायला धावायची.

एकदा अशीच पंगत चालली होती. दुपारची वेळ, बाहेर स्टँडावर कंडक्टर ओरडत होता. भाऊंनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा गेला." पुढचा आला, त्याच्यावर बोट ठेवलं नाही. त्याच्या पुढच्यावर ठेवलं. "हा बी." ओळ संपेपर्यंत ते बोट चार वेळा टेकलं. मग ते टेप थांबवून म्हणाले, "म्या तवा एकेकाले मोजत काहून गेलो असन हो, ताई?" त्या दिवशी मी लवकर शटर ओढलं.

लग्नात माणूस एकटा सापडत नाही, हा त्या कामातला खरा घोळ. शेजारी कोणी ना कोणी असतंच. फोटो काढायचा म्हणजे बाजूची माणसं कापायची. भाऊ कापायचे, पण पूर्ण कधीच नाही. कोणाचा तरी खांद्यावर टाकलेला हात, कोणाच्या फेट्याचा तुरा, कोणा पोराची बोटं, काहीतरी ते राहू द्यायचेच. घरच्यांनाही ते आवडायचं. आणि दुसरं म्हणजे जिवंत माणसाचा एकट्याचा फोटो ते टेपेतून काढून देत नसत. कोणी मागितला तर सरळ सांगायचे, "स्टुडिओत जा." मी याला म्हाताऱ्याचा वहम समजून सोडून दिलं होतं.

अशात नत्थूजी आले. नत्थूजी म्हणजे कापूस संकलन केंद्रावरचे मापारी, चाळिशीच्या आतबाहेरचा माणूस. काट्यावर कापूस चढला की ते वजन असं खणखणीत पुकारायचे की आवाराबाहेरच्या चहाच्या टपरीवर ऐकू जायचं. त्यांच्या काट्यावर कोणाचा विश्वास नाही असं कधी झालं नाही. त्या हंगामात आमच्या गावचं केंद्र उघडलंच नाही, आणि नत्थूजींचा आवाजही कुठं ऐकू येईनासा झाला. ते आले ते प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. भाऊंनी खुशीत चहा सांगितला.

"माह्या लग्नाची टेप हाये, भाऊ. तुम्हीच काढली होती," नत्थूजी म्हणाले. "सीडी करा. अन् तिच्यातून माहा एक फोटो काढून द्या. मोठा. एकट्याचा."

"एकट्याचा कायले? वैनी हायेत नं संगं. दोघायचा काढतो, झकास येते."

"दोघायचा नको."

"मंग एकट्याचा कायले पाह्यजे?"

नत्थूजींनी केसांवरून हात फिरवला. एखादा दाखला मागावा इतक्या साध्या आवाजात ते म्हणाले, "घरात राहीन पडून. येनवक्ती घरच्यायची लय धावाधाव होते नं, भाऊ. म्या पाह्यलं. ज्यायचा कापूस म्या मोजला त्यायच्या तेरव्यायले जाऊन राह्यलो मी. तुमचे फोटो चांगले असतात."

मी तिथंच पाठमोरी टाइप करत होते. शब्द सगळे ऐकले, आणि एकही ऐकला नाही.

भाऊंनी टेप उजेडाकडे धरली, बराच वेळ वरखाली केली. "हिले तं बुरशी लागली, नत्थूजी. लय लागली. एका दिवशी पाव तासाच्या वर चालवता येत नाही, तुटून जाईन. असं करा, बाजाराच्या दिवशी येत जा. तुमच्यासमोरच चालवू, पाव पाव तास."

टेप काचेसारखी स्वच्छ होती. नत्थूजी गेल्याबरोबर भाऊंनी ती लावली आणि एका बैठकीत पूर्ण कॉम्प्युटरमध्ये भरून घेतली. मी विचारलं, झाली ना मग? तर म्हणाले, "राहू द्या. घाई कायची?"

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी आपल्या खेड्याहून साडेअकराच्या गाडीनं नत्थूजी यायचे, स्टुलावर बसायचे आणि आपल्याच लग्नाचा पाव तास बघायचे. भाऊ शेजारी बसून त्यांची खेचायचे. "हा कोण नवरदेव हाये बाप्पा, घोड्यावर झोपून राह्यला?" पहिले तीन आठवडे नत्थूजी नुसते बघत राहिले. चौथ्या आठवड्यात, मेव्हण्यानं बूट लपवले तिथं, ते फिसकन हसले. भाऊंनी त्या दिवशी सगळ्यांना भजी मागवली. मला वाटलं, म्हातारा एकटा आहे, सोबत शोधतो आहे. त्यासाठी बिचाऱ्या माणसाला हेलपाटे घालायला लावतो, हेही वाटलं. आणि खरं सांगायचं तर माझ्या कॉम्प्युटरमधली जागा अडली होती, त्याचीही कुरकुर होतीच.

सातव्या आठवड्यात भाऊ डोळे दाखवायला यवतमाळला गेले. बाजाराच्या दिवशी नत्थूजी आले आणि बंद दुकानासमोर उभे राहिले. ते तसे उभे असलेले मला बघवेनात. म्हटलं, या, मी देते तुमचं काम करून. सीडी पाच-दहा मिनिटांत निघाली. मग फोटो. मला तेव्हा फोटो दुरुस्त करायचं नवं तंत्र आलं होतं आणि ते कोणाला तरी दाखवायची खुमखुमी होती. मुंडावळ्या बांधलेले नत्थूजी, आणि त्यांच्या खांद्यावर बायकोचा हात, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. बायको कापली. हात राहिला. भाऊंनी राहू दिला असता. मी अर्धा तास खपून कणाकणानं सदऱ्याचा रंग ओढत तो हातही पुसून टाकला, आणि छापून त्यांच्यापुढे धरला.

नत्थूजींनी तो बराच वेळ पाहिला. "लय चांगला आला, ताई. हात कुठं गेला?"

"पुसला. तुम्हाला एकट्याचा हवा होता ना?"

"बरं केलं," ते म्हणाले, आणि मला हात जोडून नमस्कार केला. इतक्या दिवसांत त्यांनी कधी केला नव्हता. मला बाई फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून परत आले. "काल नत्थूजी आलते?"

"आले होते. देऊन टाकलं मी त्यांचं सगळं."

"काय देलं?"

"सीडी. आणि फोटो."

"एकट्याचा?"

मी हो म्हटलं. हात कसा सफाईनं पुसला तेही सांगितलं, कौतुकाच्या अपेक्षेनं. भाऊ स्टुलावर बसले. मग जे बोलले ते मला अजून शब्दाशब्दानं आठवतं. "मागच्या साली एक गडी आलता. लायसनले पाह्यजे म्हणे, एकट्याचा. मोठा काढा म्हणे. म्या काढून देला. नंतर त्याच्या घरून कोणी दुपट्टा घेऊन आलं नाही, ताई. त्यायले गरजच नव्हती. तेरवीले गेलो, तं भितीवर माहाच फोटो." त्यांनी पट्टीची गाठ घट्ट केली. "लायसनले कोठी एवढा मोठा फोटो लागते काय? म्या इचारलं नाही. चला. गाडी काढा."

मी स्कूटी काढली. भाऊ मागे बसले, एक डोळा बांधलेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणी झालेल्या, न उपटलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या तशाच उभ्या होत्या. वाटेत आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की माझी गाडी हळू चालते. मनात एकच होतं. तो हात मी का पुसला? राहू दिला असता तर काय बिघडत होतं?

नत्थूजींचं घर त्यांच्या खेड्याच्या टोकाला होतं. भर दुपारी अंगण ताजं सारवलेलं. दोरीवर एक कपडा नाही. त्यांची शेळी शेजाऱ्याच्या खुंट्याला बांधलेली. भाऊंनी फाटकातूनच मोठ्यानं हाक मारली, "नत्थूजी! ओ नत्थूजी!" उत्तर आलं नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. भाऊ एकटेच आत गेले. मी बाहेर उभी राहून काहीतरी मोजत होते, काय ते मलाच कळत नव्हतं.

मग आतून आवाज आला. "या, भाऊ."

मी धावत आत गेले. समोरच्या भिंतीवर नवा खिळा, त्याला चौकटीत घातलेला तो फोटो. त्याच्या खाली धुतलेले कपडे घालून नत्थूजी बसले होते. लाइट नव्हती, पंखा बंद होता. ते म्हणाले, "आज तं बाजार नाही."

"बाजार नाही, पण काम हाये," भाऊ म्हणाले. पाणी मागून प्यायले. "वैनी कुठं हायेत?"

"पोरीले घेऊन माहेरी गेली. म्याच धाडलं."

भाऊ उठले आणि त्यांनी भिंतीवरचा फोटो काढून घेतला. "चूक झाली याच्यात, नत्थूजी. बुरशी राह्यली."

"कुठं? मले तं दिसत नाही."

भाऊंनी खांद्यावर बोट ठेवलं, मी रंग ओढला होता नेमकं तिथं. "अथी. अथी एक हात होता. तो गेला. त्याच्याबिगर हा फोटो पुरा नाही होत. मी असा अर्धा फोटो कोणाले देत नाही. पुन्हा काढा लागते."

नत्थूजींचा उजवा हात हळूच वर आला आणि स्वतःच्याच डाव्या खांद्यावर जाऊन बसला. "किती दिवस लागतीन?" त्यांनी विचारलं.

"लागतीन. टेप आपल्या चालीनं चालते. तुम्ही येत जा."

नत्थूजी तेव्हा जे रडले, तसं मोठ्या माणसाला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. भाऊ त्यांच्याजवळ बसून राहिले आणि मी स्कूटीवर जाऊन शेजारच्या गावाहून त्यांच्या बायकोला, कौसल्याबाईंना घेऊन आले. त्या दिवशी बुरशीचं नाव न काढता भाऊंनी त्या बाईला सगळं स्पष्ट सांगितलं. परत निघालो तेव्हा भाऊंच्या पिशवीत फोटोशिवाय आणखी काहीतरी जड होतं; फवारणीच्या औषधाचा वास येत होता.

मला त्यांनी एका शब्दानंही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी फक्त इतकंच म्हणाले, "मशीन हुशार हाये, ताई. तिले हात पुसता येते. पण कोणाचा हात हाये, ते तिले कुठून ठाऊक?"

त्यानंतर दोन वर्षं दुकान चाललं. दुपट्टे येतच राहिले, ते भाऊंच्या हातात नव्हतं. पण बाजाराच्या दिवशी साडेअकराच्या गाडीनं नत्थूजीही येत राहिले, कधी एकटे, कधी कौसल्याबाई आणि पोरगी बरोबर. टेप संपली की पुन्हा पहिल्यापासून. बुरशी कसली हे त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. ते निघताना विचारायचे, "झाला काय फोटो?" आणि भाऊ म्हणायचे, "कुठं बाप्पा!"

मग भाऊंचा दुसरा डोळाही अधू झाला आणि मुलगी त्यांना नागपूरला घेऊन जायला आली. आदल्या दिवशी त्यांनी कपाटातल्या सगळ्या टेपा माझ्या गाळ्यात आणून रचल्या. सगळ्यांत शेवटी वर्तमानपत्रात बांधलेली नत्थूजींच्या फोटोची ती चौकट माझ्या टेबलाच्या खणात पालथी ठेवली.

मी स्टँडावर पोचवायला गेले. भाऊ खिडकीशी बसले होते, मांडीवर व्हीसीआर, तो त्यांनी सामानात टाकू दिला नव्हता. मला एकदम भीती वाटली. खाली उभी राहून मी विचारलं, "भाऊ, नत्थूजींनी फोटो मागितला तर मी काय सांगू?"

"नाही झाला म्हणजा."

"आणि एखाद्या दिवशी ते आलेच नाहीत तर?"

गाडी सुरू झाली होती. भाऊंनी डावा डोळा मिटला आणि उरलेल्या अधू डोळ्यानं माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ओठ हलताना मला दिसले. एक... दोन... मग गाडी हलली, आणि ते खिडकीतून वाकून मोठ्यानं म्हणाले, "उद्या बाजार हाये, ताई. दुकान उघडं ठेवजा."